कमांड लाइनवरून मोठ्या संख्येने फायली हलविणे

हजारो किंवा लाखो फायली एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये, एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर अथवा एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर लेखी आज्ञांच्या साहाय्याने नेण्याच्या क्रियेस कमांड लाइनवरून फायली हलविणे असे म्हणतात. दहा-वीस फायलींच्या बाबतीत ही क्रिया एका ओळीची असते. संख्या लाखांच्या घरात गेली की तीच आज्ञा कधी नाकारली जाते, कधी तासन्‌तास चालत राहते, तर कधी कोणतीही सूचना न देता फायली नष्ट करते. कमांड लाइनवर कचरापेटीची सोय नसते. एका फाइलवर दुसरी लिहिली गेली की पहिली परत मिळविण्याचा सोपा मार्ग उरत नाही. म्हणून या क्रियेमागील तत्त्वे समजून घेणे वेगापेक्षाही सुरक्षिततेसाठी आवश्यक ठरते.

या लेखात आज्ञांची व पर्यायांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीत टंकित करावी लागतात.

व्याप्ती

फायलींची संख्या मोठी होण्यास फार मोठी संस्था लागत नाही. एखाद्या ग्रंथालयाने ५०० जुनी पुस्तके स्कॅन केली आणि प्रत्येक पुस्तकाची सरासरी ३०० पाने धरली, तर १,५०,००० प्रतिमा तयार होतात. अनेक वर्षांची कौटुंबिक छायाचित्रे, सर्व्हरवर रोज साठणाऱ्या नोंदी, ईमेलचा संग्रह, हवामानाच्या किंवा प्रयोगशाळेतील मोजमापांच्या फायली ही अशीच इतर उदाहरणे होत.

माउसने ओढून फायली हलविताना खिडकीतील प्रत्येक फाइलचे चिन्ह, आकार व तारीख दाखविण्याचे काम संगणकाला करावे लागते. लाखभर फायली असल्यास त्या खिडकीचा प्रतिसादच मंदावतो. कमांड लाइनवर हे ओझे नसते. शिवाय दिलेली आज्ञा लिहून ठेवता येते, पुन्हा वापरता येते, आणि काय हलविले याची यादी फाइलमध्ये जतन करता येते.

इतिहास

युनिक्स ही संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून विकसित केली. १९७१ साली निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत ‘एमव्ही’ ही आज्ञा आढळते. ‘मूव्ह’ या शब्दाचे हे दोन अक्षरी संक्षिप्त रूप आजही लिनक्स, मॅकओएस आणि युनिक्सच्या इतर वंशजांत प्रचलित आहे.

आरंभी एखादी फाइल हलविताना नव्या ठिकाणी त्याच फाइलला दुसरे नाव जोडले जाई आणि नंतर जुने नाव पुसले जाई. या दोन पायऱ्यांच्या दरम्यान संगणक बंद पडल्यास फाइल दोन नावांनी शिल्लक राहण्याचा संभव असे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत ‘रिनेम’ हे कर्नलमधील स्वतंत्र कार्य आले आणि या दोन पायऱ्या एकच अखंड क्रिया बनल्या. फायलींची लांबलचक यादी तुकड्यांमध्ये विभागून दुसऱ्या आज्ञेला पुरविणारी ‘एक्सआर्ग्स’ ही आज्ञा १९७० च्या दशकातील पीडब्ल्यूबी युनिक्समधून आली. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तयार केलेले ‘आरसिंक’ १९९६ साली प्रसिद्ध झाले.

हलविणे या क्रियेचे दोन प्रकार

‘हलविणे’ हा शब्द एकच असला तरी संगणकाच्या दृष्टीने त्यात दोन अगदी भिन्न क्रिया येतात.

युनिक्स पद्धतीच्या फाइल प्रणालीत फाइलचा मजकूर, तिचा आकार, मालक, परवानग्या यांची नोंद ‘आयनोड’ नावाच्या क्रमांकित दाखल्यात असते. फाइलचे नाव मात्र त्या दाखल्यात नसते. ते फोल्डरमध्ये असते. फोल्डर म्हणजे वस्तुतः नाव आणि आयनोड क्रमांक यांच्या जोड्यांची यादी होय. शाळेतील व्यवस्थेशी याची तुलना करता येईल. विद्यार्थ्याची संपूर्ण माहिती जनरल रजिस्टरमध्ये एका क्रमांकाखाली असते, तर वर्गाच्या हजेरीपटावर केवळ त्याचे नाव असते. विद्यार्थी ‘अ’ तुकडीतून ‘ब’ तुकडीत गेला, तर एका हजेरीपटावरून नाव कमी होऊन दुसऱ्यावर चढते. जनरल रजिस्टरमधील नोंदीस हात लावावा लागत नाही.

एकाच फाइल प्रणालीच्या आत फाइल हलविताना नेमके हेच घडते. मजकुराचा एकही बाइट जागचा हलत नाही. म्हणून १० किलोबाइटची आणि १० गिगाबाइटची फाइल सारख्याच वेळात हलते. या क्रियेसाठी फाइलवर लिहिण्याची परवानगी असण्याची गरज नसते. ज्या फोल्डरमधून नाव काढायचे आणि ज्यात घालायचे, त्या दोन्ही फोल्डरांवर लिहिण्याची परवानगी असावी लागते.

विद्यार्थी दुसऱ्या शाळेत गेला तर मात्र तेथे नवा क्रमांक, नवी नोंद होते आणि मग जुन्या शाळेतील नाव कमी होते. एका डिस्कवरून किंवा विभागावरून दुसऱ्यावर फाइल नेताना ‘रिनेम’ हे कार्य नकार देते. तेव्हा ‘एमव्ही’ ही आज्ञा स्वतःहून पूर्ण मजकुराची प्रत काढते आणि प्रत पूर्ण झाल्यावर मूळ फाइल पुसते. या प्रकारात वेळ मजकुराच्या आकारावर अवलंबून असतो. वीज गेल्यास किंवा केबल निघाल्यास काही फायली इकडे व काही तिकडे अशी अवस्था होऊ शकते.

यावरून पहिला नियम निघतो. काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही ठिकाणे एकाच फाइल प्रणालीवर आहेत की नाहीत, हे पाहावे. ‘डीएफ’ या आज्ञेला दोन्ही फोल्डरांची नावे दिली असता ती कोणकोणत्या विभागावर आहेत हे समजते.

आज्ञेच्या लांबीची मर्यादा

एका फोल्डरमधील सर्व फायलींसाठी तारकाचिन्ह वापरण्याची पद्धत आहे. वाचणाऱ्यास असे वाटते की हे तारकाचिन्ह ‘एमव्ही’ला मिळते. वास्तविक युनिक्समध्ये ते ‘शेल’ या आज्ञावाचकाच्या हाती पडते. शेल फोल्डर वाचतो, जुळणारी सर्व नावे क्रमाने लावतो, तारकाचिन्हाच्या जागी ती संपूर्ण यादी ठेवतो आणि मग ‘एमव्ही’ला हाक मारतो. टंकित केलेली ओळ चार शब्दांची असली तरी कर्नलपर्यंत पोहोचणारी आज्ञा लाख शब्दांची असते.

नवा कार्यक्रम सुरू करताना त्याला किती मजकूर पुरविता येईल यास कर्नलची मर्यादा असते. पॉसिक्स या मानकानुसार ही मर्यादा किमान ४,०९६ बाइट असली पाहिजे. लिनक्सवर २००७ मधील २.६.२३ या आवृत्तीपूर्वी ती १,३१,०७२ बाइट, म्हणजे १२८ किलोबाइट होती. त्यानंतर ती स्टॅक या स्मृतिविभागाच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश ठरविण्यात आली. स्टॅकची नेहमीची ८ मेगाबाइट मर्यादा धरल्यास ती २ मेगाबाइट, म्हणजे २०,९७,१५२ बाइट होते. या जागेत परिसर-चलांचाही समावेश होतो. मर्यादा ओलांडली की ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ अशा अर्थाचा, यादी फार लांब झाल्याचा, संदेश येतो आणि एकही फाइल हलत नाही.

याचे गणित सोपे आहे. नाव २० बाइटचे असेल, तर शेवटच्या शून्य बाइटसह ते २१ बाइट घेते. ६४ बिटच्या संगणकावर त्या नावाकडे निर्देश करणारा ८ बाइटचा पत्ता त्यात मिळवला की २९ बाइट होतात. २०,९७,१५२ भागिले २९ म्हणजे सुमारे ७२,००० नावे. वर उल्लेखिलेल्या १,५०,००० प्रतिमा एका आज्ञेत बसत नाहीत, त्याचे कारण हेच. त्यात डिस्कचा किंवा फायलींचा कोणताही दोष नसतो. मर्यादा येते ती फायलींच्या नावांच्या यादीवर.

मर्यादेवरील उपाय

सर्वांत सोपा उपाय बहुधा दृष्टीआड होतो. फोल्डरमधील सर्वच फायली हलवायच्या असतील, तर तो संपूर्ण फोल्डरच हलवावा. एकाच फाइल प्रणालीवर हे काम एका नावाच्या बदलाने, क्षणार्धात होते. टिंबाने आरंभ होणाऱ्या लपविलेल्या फायली सामान्यतः तारकाचिन्हात येत नाहीत व मागे राहतात. संपूर्ण फोल्डर हलविल्यास त्याही बरोबर जातात.

दुसरा उपाय म्हणजे काम विभागणे. नावे आकड्यांनी सुरू होत असतील तर प्रथम ० ने, नंतर १ ने, अशा प्रकारे दहा आज्ञांत काम पुरे करता येते.

तिसरा उपाय शेलच्या ‘फॉर’ या आवर्तनाचा आहे. यात तारकाचिन्हाची यादी शेलच्या आतच राहते व नव्या कार्यक्रमाला एका वेळी एकच नाव मिळते. म्हणून लांबीची मर्यादा लागू होत नाही. मात्र प्रत्येक फाइलसाठी ‘एमव्ही’ नव्याने सुरू होत असल्यामुळे लाख फायलींसाठी ती लाख वेळा सुरू होते आणि काम रेंगाळते.

चौथा उपाय सर्वाधिक प्रचलित आहे. ‘फाइंड’ ही आज्ञा फोल्डर स्वतः वाचते व एकेक नाव पुढे देते. ‘एक्सआर्ग्स’ ती नावे मर्यादेत बसतील एवढ्या तुकड्यांमध्ये बांधून प्रत्येक तुकडीसाठी ‘एमव्ही’ एकदा चालविते. लाख फायलींसाठी लाखाऐवजी मोजक्याच फेऱ्या लागतात. ‘फाइंड’चा ‘-एक्झेक’ हा पर्यायही दोन प्रकारे वापरता येतो. शेवटी अर्धविराम दिल्यास प्रत्येक फाइलला स्वतंत्र फेरी होते. अधिकचिन्ह दिल्यास तुकड्या पडतात.

तुकडीच्या पद्धतीत फायलींची नावे आज्ञेच्या शेवटी येतात. ‘एमव्ही’ला मात्र गंतव्य फोल्डर शेवटी हवा असतो. जीएनयू प्रकल्पाच्या ‘एमव्ही’मध्ये, म्हणजे बहुतेक लिनक्स संगणकांवर, ‘-टी’ या पर्यायाने गंतव्य आधी सांगता येते. बीएसडी व मॅकओएसच्या ‘एक्सआर्ग्स’मध्ये ‘-जे’ (मोठे अक्षर) या पर्यायाने नावांची यादी आज्ञेच्या मध्यभागी बसविता येते.

‘फाइंड’ वापरताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. ही आज्ञा उपफोल्डरांतही शिरते. केवळ वरच्या पातळीवरील फायली हव्या असतील तर ‘-मॅक्सडेप्थ’ पर्यायाने खोली १ ठरवावी. तसेच गंतव्य फोल्डर मूळ फोल्डरच्या आतच असेल, तर हलविलेल्या फायली पुन्हा शोधात सापडतात. म्हणून गंतव्य बाहेर असणे श्रेयस्कर असते.

नावांमुळे होणारे घोटाळे

युनिक्समध्ये फाइलच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून कोणतेही चिन्ह चालते. रिकामी जागा, अवतरणचिन्हे, एवढेच नव्हे तर नवी ओळही नावाचा भाग असू शकते. ‘एक्सआर्ग्स’ सामान्यतः रिकाम्या जागेवर नाव तोडते. त्यामुळे ‘आजीचे पत्र’ या एका नावाची ‘आजीचे’ आणि ‘पत्र’ अशी दोन नावे होतात. अशा नावांच्या फायली नसल्यास केवळ चूक दाखविली जाते. दुर्दैवाने ‘पत्र’ नावाची दुसरी फाइल तेथे असेल, तर भलतीच फाइल हलते.

यावरील खात्रीचा तोडगा असा की नावे शून्य बाइटने विलग करावीत, कारण तो नावात येऊच शकत नाही. ‘फाइंड’चा ‘-प्रिंट०’ आणि ‘एक्सआर्ग्स’चा ‘-०’ हे पर्याय एकत्र वापरले की हे साधते. अनेक वर्षे प्रचारात असलेले हे दोन्ही पर्याय २०२४ च्या पॉसिक्स मानकात अधिकृतपणे समाविष्ट झाले.

उणेचिन्हाने सुरू होणारे नाव आज्ञेला पर्याय वाटते. त्यासाठी नावांच्या आधी दोन उणेचिन्हे टाकून ‘येथे पर्याय संपले’ असे सांगण्याची पद्धत आहे.

देवनागरी नावांच्या विशेष अडचणी

मराठी नावे असलेल्या संग्रहांना आणखी काही गोष्टी लागू होतात. लिनक्सवरील ईएक्सटी४ व एक्सएफएस या फाइल प्रणालींमध्ये एका नावाची कमाल लांबी २५५ बाइट असते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि मात्रा व हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हे असतात. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा असला तरी त्यात ११ चिन्हे असून तो ३३ बाइट व्यापतो. म्हणजे एका नावात जास्तीत जास्त ८५ देवनागरी चिन्हे बसतात. विंडोजच्या एनटीएफएस प्रणालीत मात्र मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची असून देवनागरीचे एक चिन्ह एकच एकक घेते. परिणामी विंडोजवर सुखाने नांदणारे, ग्रंथनाम, लेखक व प्रकाशक यांसह दिलेले १०० चिन्हांचे नाव लिनक्सवर नाकारले जाते.

आज्ञेच्या लांबीवरही याचा परिणाम होतो. २० चिन्हांचे देवनागरी नाव ६० बाइटचे होते. शेवटचा बाइट व पत्ता धरून ६९ बाइट झाले, तर २ मेगाबाइटमध्ये सुमारे ३०,००० नावेच मावतात.

तिसरी अडचण दिसत नाही, म्हणून अधिक फसवी आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. कोणी ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हास हलन्त जोडतात, तर कोणी साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्स नावांची तुलना बाइटनिहाय करीत असल्याने त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावे होत. एका पद्धतीने शोध घेतल्यास दुसऱ्या पद्धतीची फाइल सापडत नाही आणि मागे राहते. याशिवाय युनिकोडनुसार ‘ऱ’ हे चिन्ह ‘र’ आणि नुक्ता अशा विघटित रूपातही लिहिता येते. मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली नावे विघटित रूपातच साठवीत असे. तेथून लिनक्सवर आणलेली फाइल त्याच नावाची पूर्वीची फाइल असतानाही शेजारी दुसरी म्हणून उभी राहू शकते. यासाठी मोठ्या संग्रहांत फाइलचे नाव रोमन अक्षरे व आकडे यांपुरते ठेवून मराठी शीर्षक स्वतंत्र सूचीत नोंदविण्याची पद्धत सोयीची ठरते.

फायली नष्ट होण्याचे प्रकार

गंतव्य फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल असल्यास आणि तिच्यावर लिहिण्याची परवानगी असल्यास ‘एमव्ही’ सामान्यतः न विचारता जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवते. डिजिटल कॅमेऱ्यांच्या डीसीएफ मानकानुसार छायाचित्रांचे क्रमांक ०००१ ते ९९९९ असतात. त्यामुळे दोन सहलींच्या फोल्डरांत एकाच नावाची वेगवेगळी छायाचित्रे असणे अगदी स्वाभाविक आहे. सर्व उपफोल्डरांतील छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये गोळा करताना त्यांपैकी एक निमूटपणे नाहीसे होते. जीएनयूची ‘एमव्ही’ एकाच फेरीत असे घडू लागल्यास ते रोखते. काम तुकड्यांमध्ये विभागले गेले की हे संरक्षण दोन तुकड्यांच्या दरम्यान लागू राहत नाही.

‘-एन’ हा पर्याय दिल्यास असलेल्या फाइलवर दुसरी लिहिली जात नाही व न हललेली फाइल मूळ जागीच राहते. ‘-आय’ पर्याय प्रत्येक वेळी विचारतो. लाख फायलींच्या कामात तो व्यवहार्य नसतो. जीएनयू आवृत्तीत ‘--बॅकअप’ पर्यायाने जुन्या फाइलला क्रमांक देऊन ती राखून ठेवता येते.

दुसरा प्रकार याहून विनाशक आहे. गंतव्य फोल्डर अस्तित्वातच नसेल, किंवा त्याच्या नावात टंकनदोष झाला असेल, तर ‘एमव्ही’ त्या शब्दास फाइलचे नवे नाव समजते. एकेका फाइलसाठी आज्ञा चालत असल्यास पहिली फाइल त्या नावाची होते, दुसरी तिच्या जागी येते, तिसरी दुसरीच्या जागी येते. शेवटी लाख फायलींपैकी फक्त एक उरते. सर्व फेऱ्या यशस्वी झाल्यामुळे एकही चूक दाखविली जात नाही. गंतव्याच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिल्यास, किंवा ‘-टी’ पर्याय वापरल्यास, फोल्डर नसल्याचे लक्षात येऊन आज्ञा थांबते. एका चिन्हाची ही सवय संपूर्ण संग्रह वाचवू शकते.

वेग

एकाच फोल्डरमध्ये फार मोठ्या संख्येने फायली असल्यास साधी यादी मागितली तरी संगणक थबकतो. याचे एक कारण म्हणजे ‘एलएस’ ही आज्ञा सर्व नावे वाचून, क्रम लावून मगच पहिली ओळ दाखविते. ‘-एफ’ हा पर्याय (लहान अक्षर) दिल्यास क्रम न लावता नावे येऊ लागतात. जुन्या ईएक्सटी२ प्रणालीत फोल्डर ही सरळ यादी असल्याने एखादे नाव शोधण्यासाठी ती आरंभापासून वाचावी लागे. ईएक्सटी३ व ईएक्सटी४ मध्ये वृक्षाकार सूची आल्यावर हा शोध जलद झाला.

दुसऱ्या डिस्कवर नेताना लहान फायली अधिक वेळ घेतात. १० किलोबाइटच्या १,००,००० फायलींचा एकूण मजकूर सुमारे १ गिगाबाइट भरतो. तेवढ्याच आकाराची एक फाइल त्यांच्यापेक्षा पुष्कळ लवकर पोहोचते. कारण प्रत्येक लहान फाइलसाठी नवी नोंद करणे, परवानग्या व वेळ लावणे आणि मूळ नोंद पुसणे ही कामे स्वतंत्रपणे करावी लागतात. यासाठी ‘टार’ ही आज्ञा उपयोगी पडते. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून प्रचारात असलेली ही आज्ञा मूळची चुंबकीय फितीवर फायली साठविण्यासाठी होती. ती अनेक फायलींचा एकच अखंड प्रवाह बनविते, जो जाळ्यावरून पाठवून पलीकडे पुन्हा उलगडता येतो.

दुसऱ्या साधनावर किंवा संगणकावर नेणे

मध्येच थांबलेले काम पुढे चालू करता येणे ही या प्रकारातील मुख्य गरज असते. ‘आरसिंक’ ती भागविते. ती दोन्ही बाजूंच्या फायलींचा आकार व बदलाची वेळ ताडून पाहते आणि जे पोहोचले नाही तेवढेच पाठविते. ‘--ड्राय-रन’ या पर्यायाने प्रत्यक्ष काहीही न करता काय घडेल याची यादी पाहता येते. ‘--रिमूव्ह-सोर्स-फाइल्स’ हा पर्याय पोहोचलेल्या फायली मूळ ठिकाणाहून पुसतो. रिकामे फोल्डर मात्र मागे राहतात. ‘आरसिंक’मध्ये मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरपी रेघ असल्यास केवळ त्यातील फायली जातात, नसल्यास फोल्डरसह जातात.

पेन ड्राइव्हवर बहुधा आढळणाऱ्या एफएटी३२ प्रणालीच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. तिच्यात एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा किंचित लहानच असू शकते. एका फोल्डरमधील नोंदींची कमाल संख्या ६५,५३६ असून लांब नाव एकाहून अधिक नोंदी व्यापते. लहान व मोठ्या रोमन अक्षरांत ती भेद करीत नाही, युनिक्सच्या परवानग्या साठवीत नाही आणि बदलाची वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने नोंदविते. या शेवटच्या कारणामुळे ‘आरसिंक’ला पोहोचलेल्या फायलीही बदललेल्या भासू शकतात. ‘--मॉडिफाय-विंडो’ हा पर्याय त्यासाठी आहे.

लिनक्सवरील ईएक्सटी४ प्रणालीत आयनोडांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. लहान फायली फार झाल्यास डिस्कवर जागा शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असा संदेश येतो. ‘डीएफ’ला ‘-आय’ पर्याय दिल्यास उरलेले आयनोड कळतात. काम सुरू करण्यापूर्वी मोकळी जागा आणि मोकळे आयनोड दोन्ही पाहणे हिताचे असते.

विंडोज प्रणाली

विंडोजमधील ‘सीएमडी’ या आज्ञावाचकात एका ओळीची मर्यादा ८,१९१ चिन्हांची आहे. परंतु तेथे तारकाचिन्हाचा विस्तार शेल करीत नाही. ‘मूव्ह’ ही आज्ञा स्वतःच जुळणारी नावे शोधते. म्हणून यादी लांब झाल्याची अडचण तेथे सहसा उद्भवत नाही. विंडोजमध्ये जुन्या पद्धतीच्या कार्यक्रमांना संपूर्ण मार्गासाठी २६० चिन्हांची मर्यादा असल्याने खोल फोल्डरांतील फायली मात्र अडकतात.

मोठ्या कामासाठी ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा विंडोज व्हिस्टापासून प्रणालीबरोबरच मिळते. तिचा ‘/मूव्ह’ पर्याय फायली व फोल्डर हलवितो, ‘/एमटी’ पर्याय एकाच वेळी अनेक फायली नेतो आणि ‘/एल’ पर्याय केवळ यादी दाखवितो. ‘/एमआयआर’ हा पर्याय गंतव्यास मूळ फोल्डरचे प्रतिबिंब बनवितो, म्हणजेच मूळ ठिकाणी नसलेल्या फायली गंतव्यातून पुसून टाकतो. नाव साधे वाटले तरी परिणाम न जाणता तो वापरू नये. ‘रोबोकॉपी’ एकाच ड्राइव्हवरही प्रत काढून मूळ पुसते. त्यामुळे तेथल्या तेथे हलविण्यासाठी साधी ‘मूव्ह’च जलद असते.

पडताळणी आणि सुरक्षित क्रम

हलविणे आणि पुसणे या दोन क्रिया जेथे एकत्र येतात, तेथे चूक सुधारण्याची संधी नाहीशी होते. म्हणून एकमेव प्रत असलेल्या महत्त्वाच्या संग्रहासाठी, तो दुसऱ्या डिस्कवर नेताना, ‘हलविणे’ टाळून प्रत काढणे, पडताळणे आणि नंतर मूळ पुसणे असे तीन स्वतंत्र टप्पे करावेत.

पडताळणीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, फायलींची संख्या दोन्हीकडे मोजणे. ‘फाइंड’चे फलित ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेला ‘-एल’ पर्यायासह दिले की संख्या मिळते. दुसरी, एकूण आकार ताडणे. येथे ‘डीयू’ ही आज्ञा डिस्कवर व्यापलेली जागा सांगते व ती दोन फाइल प्रणालींत भिन्न असू शकते, म्हणून बाइटमधील प्रत्यक्ष आकार विचारावा. तिसरी आणि निर्णायक पायरी म्हणजे प्रत्येक फाइलची आशयमुद्रा ताडणे. ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा मजकुरावरून २५६ बिटची मुद्रा काढते. मजकुरात एका बिटाचा फरक पडला तरी मुद्रा बदलते. मूळ ठिकाणी मुद्रांची यादी करून ती गंतव्यावर ‘-सी’ पर्यायाने तपासली असता हरवलेली किंवा बिघडलेली प्रत्येक फाइल नावानिशी समोर येते. संख्या व आकार जुळूनही मजकूर बिघडलेला असू शकतो. ते केवळ याच पायरीत उघड होते.

बाह्य डिस्क काढण्यापूर्वी ‘सिंक’ आज्ञा देऊन स्मृतीत थांबलेला मजकूर प्रत्यक्ष लिहिला जाऊ द्यावा आणि डिस्क रीतसर विलग करावी. मूळ फायली पुसताना ‘फाइंड’चा ‘-डिलीट’ हा पर्याय वापरल्यास तो सर्व अटींच्या शेवटी लिहावा. ही आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचली जाते. ‘-डिलीट’ आधी आल्यास अटी तपासण्यापूर्वीच फायली पुसल्या जातात.

थोडक्यात, कामाचा क्रम पुढीलप्रमाणे राहतो. दोन्ही ठिकाणे एकाच फाइल प्रणालीवर आहेत का ते पाहणे. संपूर्ण फोल्डर हलवून भागते का याचा विचार करणे. गंतव्य फोल्डर आधी तयार करून त्याच्या नावाशेवटी तिरपी रेघ देणे. नावांचे विलगीकरण शून्य बाइटने करणे. आधी दहा-वीस फायलींवर प्रयोग करणे. असलेल्या फायलींवर दुसऱ्या लिहिल्या जाणार नाहीत असा पर्याय निवडणे. दुसऱ्या साधनावर नेताना प्रत व मुद्रा जुळल्याखेरीज मूळ न पुसणे. यांतील कोणतीही पायरी काही मिनिटांपलीकडे श्रम मागत नाही. मुद्रा काढण्यास मोठ्या संग्रहात वेळ लागतो, परंतु ते काम संगणक एकटाच करीत असतो.